‘लीव्ह’ला मराठीत काय म्हणायचं

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी माझा नवरा शिफ्टला निघाला. कुंडलिका नदीच्या पुलावर त्याने स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि कठड्याला पाठ टेकून बसला. मागून येणाऱ्या दूधवाल्याने त्याला हाक मारली. तो उठला नाही. मी घरी डबा भरत होते. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

दुपारी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. येताना त्या रजेचा अर्ज लिहूनच घेऊन आल्या होत्या. “तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघते,” म्हणाल्या. मी सही केली. सही करताना मनात एवढंच आलं की रजेला इंग्रजीत लीव्ह म्हणतात आणि या शब्दाचे बाकीचे अर्थ नववीच्या मुलांना सांगायचे राहिलेत. असं का आलं ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी दुसरं काही आलं नाही. लोक रडत होते. मी कोणाला पाणी हवं का ते बघत होते.

मी रोह्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. माहेर पेणचं. वडील शिक्षक, घरात पुस्तकं, बोलणं छापील. नवरा पेणजवळच्या जिते गावचा. त्यांची खाडीकडे भातशेती, आधीच्या पिढ्या मिठागरात राबलेल्या. तो रोह्याच्या कंपनीत लागला, आम्ही नदीपलीकडे अष्टमीत घर घेतलं, आणि सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. आम्हाला मूल नाही. घरात आम्ही तिघं होतो.

लीव्ह हा शब्द आमच्या घरात नवऱ्याने आणला, मी नाही. कंपनीत सगळे लीव्हच म्हणत. सीएल उरल्यात, पीएल साठल्यात, अमक्याने लीव्ह टाकली, तमक्याची लीव्ह कापली. “लीव्ह टाकली” हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटे. रजा घ्यायची असते, मागायची असते, टाकायची कशी? तो म्हणायचा, “अगं, साहेबाच्या टेबलावर टाकायची आणि मागे न बघता पळायचं. मागत बसलं तर भेटते का?”

मी वह्या तपासत असले की तो जेवणाचं ताट घेऊन समोर बसे आणि मुलांनी काय चुका केल्या ते विचारी. एकदा एका मुलाने ‘ही लेफ्ट हिज हाउस टू हिज सन’ याचं भाषांतर केलं होतं, ‘तो घर सोडून मुलाकडे गेला.’ नवऱ्याने ते वाचलं आणि विचारलं, “मग बरोबर काय?”

“घर मुलाच्या नावावर करून गेला. म्हणजे वारला, आणि घर मुलाला ठेवलं.”

“म्हणजे बाप मेला, ते वाक्यात कुठंच नाही?”

“नाही. ते समजून घ्यायचं.”

“इंग्रज लई पोचलेला,” तो म्हणाला. “मेल्याचं सांगतो, पण ‘मेला’ म्हणत नाही.” मग आत बघून ओरडला, “आये, ऐकलंस का? सायबाच्या भाषेत बाप मेला तरी कलत नाय.”

आतून सासूबाई म्हणाल्या, “तुला जिता असून काय कलतंय? ताट उचल आदी.”

त्यानंतर काही दिवस त्याला तोच नाद लागला. लीव्हचे अर्थ जमवायचे. सुपरवायझर म्हणतो ‘लीव्ह इट यार’, तेव्हा त्याचा अर्थ ‘राहू दे’. गाडी ‘लीव्ह’ होते म्हणजे सुटते. चहा पिऊन तळाला पावडर उरते, तीही इंग्रजीत लीव्हच करते का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, झाडाची पानं म्हणजे लीव्ह्ज, ते वेगळं, आणि चहाची पानंही तीच. तो म्हणाला, “पुरे. आता डोकं लीव्ह कर.”

त्या शब्दासाठी मराठीत मला एक शब्द कधीच सापडला नाही. निघणे, सोडणे, टाकणे, ठेवणे, मागे ठेवणे, राहू देणे, सोपवणे, उरणे. नाम झालं की रजा, सुट्टी, निरोप, परवानगी. जवळचे इंग्रजी शब्द शोधले तर डिपार्ट वेगळा, क्विट वेगळा, अबॅन्डन आणखी वेगळा. डिपार्ट करणारा स्टेशनवर जातो, क्विट करणारा कंपनीतून जातो, अबॅन्डन करणारा कोणाला तरी वाऱ्यावर ठेवून जातो. आपल्याकडे ‘रजा घेतो’ म्हटलं की सुट्टीही होते आणि निरोपही होतो, हे त्यातल्या त्यात जवळचं. रजा म्हणजे मुळात परवानगीच. हे सगळं मी वर्गात सांगते. मुलं लिहून घेतात आणि परीक्षेत एकच अर्थ लिहितात.

मंगळवारनंतर माणसं येऊ लागली. जित्याहून, पेणहून, कंपनीतून, शाळेतून. बसायची, थोडं बोलायची, गप्प व्हायची, उठायची. मी प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जात होते. लहानपणापासूनची सवय. आलेल्याला दारापर्यंत पोचवायचं आणि ‘या हं’ म्हणायचं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना ‘या’ म्हणत होते. जित्याच्या शेजारणींना म्हटलं, कंपनीतल्या माणसांना म्हटलं, बँकेतल्या बाईंना म्हटलं. लोक खाली बघून चपला घालत होते.

संध्याकाळी नवऱ्याच्या आत्याने माझा दंड धरून मला आत ओढलं. “ए बाय, काय चाललंय तुजं? दारात उबी ऱ्हाऊन या या काय करतंस? लगीन हाय का घरात?”

मला खरंच कळलं नाही.

“असल्या टायमाला या नाय बोलत गो. जानारा पन येतो नाय बोलत. उटायचं नि गप चालायचं. पुना अशा कामाला कोनी यायचं हाय का?”

मला हे माहीत होतं. पेणलाही हीच पद्धत आहे. आजोबा गेले तेव्हा आईने सांगितलं होतं. माहीत असून मी दिवसभर म्हणत होते, आणि कोणी मला थांबवलं नव्हतं. आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. फक्त मयताच्या घरातून त्या दिवसांत काहीच म्हणत नाहीत. इंग्रजीत निघण्यासाठी इतके शब्द आहेत, पण न बोलता निघण्यासाठी एक नाही, असं मला वाटलं. मग तेही वाटायचं बंद झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी ओठ मिटून दारात उभी राहू लागले. आमच्या शाळेतली एक तरुण बाई आली. यंदाच लागलेली, चित्रकलेची. जाताना सवयीने “येते हं मॅडम” म्हणाली आणि तिथेच जीभ चावली. आत्याबाईंनी डोळे वटारले. तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई त्या दिवसात पहिल्यांदाच काही बोलल्या. “येऊ दे गो तिला. पोर हाय. कोनी तरी येतो बोललं.” ती मुलगी रडतच जिना उतरली. मी दारातच होते.

पेपरात द्यायचा मजकूर धाकट्या दिराने मोबाइलवर लिहून मला दाखवला. ‘त्यांच्या पश्चात आई, पत्नी, भाऊ असा परिवार आहे.’ विचारलं, “वहिनी, बरोबर हाय ना? मराठी तुमीच बघा.” मराठी बरोबर होतं. इंग्रजी पेपरात इथेही लीव्हच येतं. तो आई, पत्नी, भाऊ मागे ठेवून जातो. मी मोबाइल परत दिला. माझ्यात आणि सासूबाईंच्यात एक स्वल्पविराम होता. तोवर आमच्यामध्ये माझा नवरा होता.

कोणी समोर बोललं नाही, पण स्वयंपाकघरात आणि गॅलरीत बोलणं चालू होतं. मी ऐकत होते. “आता म्हातारी हितं कोनाच्या नावावर ऱ्हायची? पोरगाच नाय.” “सून शिकलेली हाय, नोकरीवाली. तिला काय गरज?” “पेनवाल्या लोकांचं काय सांगावं, उद्या माहेरी जाईल.” “धाकटा हाय ना धट्टाकट्टा. त्याचंच आता काम.” सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि कोणाचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. ज्याच्यामुळे आम्ही एका घरात होतो तो नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडे राहावं असं मला हवं होतं. त्या घरात सकाळी माझ्याआधी उठणारं माणूस त्यांच्याशिवाय दुसरं नव्हतं. पण हे म्हणायचं कसं ते मला कळत नव्हतं. ‘राहा’ म्हटलं तर आपल्या सोयीसाठी म्हाताऱ्या बाईला धरून ठेवते असं होईल. न म्हटलं तर घालवते असं होईल. मी वाट बघत राहिले की त्या काही बोलतील. नंतर कळलं की त्याही तेच करत होत्या.

तेराव्याला गोड जेवण झालं. पंगत उठली, भाडोत्री भांडी परत गेली. दीर म्हणाला, “वहिनी, आयेला घेऊन जातो. तुमाला पन मोकलं.” त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तो थकला होता. तेरा दिवस त्याने सगळं केलं होतं. सासूबाईंनी दोन पिशव्या भरल्या. गोधडी गाडीत मावली नाही, ती राहिली. खालच्या पायरीवर त्या थांबल्या. कठड्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते, ओठ मिटून, जशी गेले काही दिवस सगळ्यांसाठी उभी राहत होते. गाडी सुरू झाली. त्या बसल्या. खिडकीची काच वर गेली.

मग मी शाळेत जाऊ लागले. अष्टमीहून रोह्याला जायचं तर पूल ओलांडावा लागतो, दुसरा रस्ता लांबचा. मी पुलावरूनच जात होते. कठड्याकडे बघत होते, आणि काही होत नव्हतं. एक कठडा दिसे. लोक विचारत, “कशा आहात?” मी म्हणे, “बरी आहे.” ते खोटं नव्हतं. ताप नव्हता, जेवत होते, झोप येत होती. नववीला तो धडा आला तेव्हा मी लीव्हचे सगळे अर्थ शिकवले. फळ्यावर वाक्यं लिहिली. मुलं माझ्याकडे सांभाळून बघत होती. एकीने हात वर केला आणि मग खाली घेतला. मी म्हटलं, विचार. तिने विचारलं, “मॅडम, लीव्ह म्हणजे जाणं, आणि लीव्ह म्हणजे ठेवणं. दोन उलटे अर्थ एका शब्दाला कसे?”

ग्रंथालयात मोठा कोश आहे, त्यात बघितलं. तिथे लिहिलं होतं की क्रियापदाचा सगळ्यात जुना अर्थ राहू देणे, मागे ठेवणे असा आहे. निघून जाणे हा अर्थ त्याच्यातून नंतर आला. आधी मागे काय ठेवलं तेवढंच बोलत, मग हळूहळू ठेवणाऱ्याबद्दल बोलू लागले. रजा या अर्थाचा लीव्ह तर मुळात वेगळाच शब्द, दिसायला सारखा झालेला. दुसऱ्या दिवशी मी हे त्या मुलीला सांगितलं. ती “हो का” म्हणाली. घरी आल्यावर हे कोणाला तरी सांगावं असं वाटलं आणि सांगायला कोणी नव्हतं. त्याला हे फार आवडलं असतं. तेव्हाही मी रडले नाही. मी भात लावला, तो तिघांचा झाला.

जानेवारीत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या असतील असं माझ्या लक्षात आलं. दरवेळी मीच आणत असे. एका रविवारी गोळ्या घेतल्या, ती गोधडी घेतली आणि रोह्याहून पनवेलच्या गाडीत बसले. जित्याला उतरले. वालाच्या शेतांतून घराकडे चालत गेले. आधी कळवलं नव्हतं.

सासूबाई अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी बघितलं. “कोन? तू हाय व्हय?”

“मी आले, आई. गोळ्या आणल्या.”

“गोल्या हायत मना. धाकट्यानं आनल्या.” पुन्हा शेंगा सोलू लागल्या. धाकटी जाऊ बाहेर आली, हात पुसत. “या वैनी, बसा. चाय ठेवते. का शाळेच्या बाई आमची चाय पित नाय? साखर लई असते आमच्यात.” मी म्हटलं चालेल. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज करत राहिली.

मी सासूबाईंच्या समोर बसले. सुपातल्या शेंगा घेतल्या. माझ्या नखांना वाल सोलायची सवय नाही, दाणे फुटत होते. त्यांनी माझ्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं. “ठेव. वाटोलं करशील.” मग खाली बघतच म्हणाल्या, “तुज्या घरातून निगाली तवा तू तोंडात मूग धरून उबी. एक शबूद नाय.”

मी म्हटलं, “आत्याबाईंनी सांगितलं होतं ना. त्या दिवसांत या म्हणायचं नसतं म्हणून.”

“तेरावा झाला होता.”

“हो, पण मला वाटलं…”

“आनी ते लोकांना, गो. आलेल्या-गेलेल्याला. मी काय लोक होती?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “मी काय तुजी पावनी? घरातलं मानूस निगालं तर त्याला या बोलतात का? त्याला ‘जाऊ नका’ बोलतात.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं होतं की मी एक शब्द गिळला. तो शब्दच चुकीचा होता. बरोबर शब्द मला सुचलाच नव्हता, आणि मी दिवसभर शब्दच शिकवते.

“जाऊ नका, असं मनात होतं,” मी म्हटलं.

“मनातलं मना कसं ऐकू येनार? कान तरी धड हायत का माजे?”

“मग आता चला. संध्याकाळच्या गाडीने. मी न्यायला आले असं समजा.”

त्या बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. जाऊ चहा घेऊन आली, कप ठेवून तिथेच उंबऱ्यावर बसली. सासूबाई कुठे राहणार यावर तिचंही पुढचं ठरणार होतं. चहा खरंच फार गोड होता. मी सगळा प्यायले.

“नाय गो,” सासूबाई म्हणाल्या. “तवा बोलली असतीस तर ऱ्हायली असती. गाडीतून उतरली असती. आता हितं बसली ती बसली. राग नाय माजा. पन त्या खिडकीतनं पूल दिसतो. त्या दिशी मी बगत होती. तो जाताना बगितला, स्कुटर थांबली ती पन बगितली. मना वाटलं, फोन आला आसंल, बोलतो हाय.” त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. “हितं तो चालायला शिकला. या अंगनात. हितं बसली का तो मना न्हानगा दिसतो. तिकडं बसली का बसलेला दिसतो.”

त्यांनी हे आधी कोणाला सांगितलं नव्हतं. दिराला नाही, मला नाही. तेरा दिवस त्या खिडकीकडे पाठ करून भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं होतं, दुःखाने बसल्यात.

मी पुन्हा ‘चला’ म्हटलं नाही. त्यांना काय हवं ते त्यांनी सांगितलं होतं आणि ते मला पटलं होतं. मला जे हवं होतं ते मिळणार नव्हतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या आणि मला त्यातली एकही नीट जाणवत नव्हती. फक्त घशाशी चहाचा गोडवा होता.

निघायची वेळ झाली तेव्हा जावेने एका पिशवीत वाल भरून दिले, सोललेले. “तुमच्यानं सोलवायचं नाय,” म्हणाली, आणि हसली. सासूबाई गोधडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तिचे टाके बघत. मला म्हणाल्या, “पुढच्या टायमाला गोल्या आनू नको. पेपर आन. धाकटी वाचून दावते, पन लई घाई करते.”

“मी वाचते ना हल्लू,” जाऊ म्हणाली.

“हल्लू! रेल्वे हाय ती,” सासूबाई म्हणाल्या.

मी स्टेशनवर आले. बाकावर बसले. गाडीला उशीर होता. तिथे मला रडू आलं, फार नाही, आणि गाडी आली तेव्हा थांबलं.

आता अष्टमीच्या घरात मी एकटी राहते. सासूबाई जित्याला असतात. एक रविवार सोडून मी तिकडे जाते, त्यांना पेपर वाचून दाखवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत येते. बाकीचे दिवस शाळा असते.